बीड आणि घण

आमच्या गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्याचा कठडा लोखंडी वेलबुट्टीचा होता. दोन गजांमध्ये एकेक आठ पाकळ्यांचं फूल. त्यावर गोधड्या वाळायच्या आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणाचं तरी पोर गजांत डोकं अडकवून बसायचं. चाळ पाडायला निघाली तेव्हा तो कठडा भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेला. गाडीवर चढवताना एक तुकडा पडला आणि काचेसारखा तडकला. ते पाहून एक म्हातारे शेजारी म्हणाले, "बीडच ते, तुटणारच."

मुंबईच्या लोखंडी नक्षीचं अर्धं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लाकडी फर्मा वाळूत दाबायचा, उठलेल्या ठशात वितळलेला रस ओतायचा. फर्मा एकदा कोरला की त्याच फुलाच्या हजार प्रती निघतात. भार झेलायला हे लोखंड पक्कं, पण घाव सोसत नाही. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक शिवण राहते. वर रंगाचे दहा थर असले तरी ती बोटाला लागते.

एकोणिसाव्या शतकात विलायतेतले ओतकारखाने अशा नक्षीच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं छापत. त्यातून खांब, कंस, कठडे निवडायचे. माल जहाजाने यायचा. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल तर सांगाड्यासकट असं आलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. इंग्लंडमध्ये तयार झालेले खांब आणि तुळया १८६० च्या दशकात इथे जोडल्या आणि मध्ये विटा भरल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने इथेच पाहिली. आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ही इमारत कशीबशी उभी आहे. २००५ मध्ये तिच्या सज्जांचा काही भाग कोसळला. भायखळ्याच्या खडा पारशी पुतळ्याचा स्तंभही बिडाचाच. कोलब्रुकडेलच्या कारखान्यातून आलेला हा साधारण चाळीस फुटी स्तंभ आता उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांमध्ये सापडला आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या मत्स्यकन्या मोटारींच्या धुरात दिवे धरून आहेत. बीड सुस्थितीत पाहायचं असेल तर राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठावं. १८७२ साली उघडलेली ही वास्तू २००८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली. तिथले सडपातळ खांब आणि वरच्या सज्जाचा कठडा पाहिला की जड धातूला हलकं कसं दिसता येतं ते कळतं.

पण माझं मन रमतं ते घडीव लोखंडात. इथे साचा नसतो. भट्टीत लाल केलेला गज ऐरणीवर धरायचा, घणाने चपटा करायचा, सांडशीने पीळ द्यायचा, टोकाला गुंडाळी वळवायची आणि सांध्यावर कडं किंवा रिबीट ठोकायचं. हे लोखंड घाव घातला तर वाकतं, तुटत नाही. शेजारच्या दोन गुंडाळ्या नीट पाहिल्या तर एक दुसरीपेक्षा किंचित सैल सापडते. मला ती चूक वाटत नाही. तिथे लोहाराचा हात दिसतो.

हे काम शिकवायची सोय मुंबईतच होती. जे. जे. कलाशाळेत १८६० च्या दशकात तीन कार्यशाळा निघाल्या: सजावटीच्या चित्रांची ग्रिफिथ्सकडे, मूर्तिकामाची लॉकवुड किपलिंगकडे आणि घडीव लोखंडाची हिगिन्सकडे. पहिल्या दोघांची नावं अजून घेतली जातात, हिगिन्सला मात्र कुणी विचारत नाही. पुढे फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं, तेव्हा तिकीट खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी-पितळी कठडे आणि मोठ्या जिन्याची नक्षी याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केली. स्थानकाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. स्टीव्हन्सचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. ओतीव खांबांच्या बैठकीवरही कारखान्याचं नाव पुष्कळदा ओतलेलं असतं. जाळ्या घडवणाऱ्या पोरांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

दोन्ही जातींचा शत्रू एकच: खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. गंज खरवडून शेंदरी अस्तर आणि त्यावर रंग, एवढीच निगा लागते. ती न करता चकाकीसाठी गंजावरच सोनेरी रंग फासणाऱ्यांचा मला राग येतो. नक्षी बुजते आणि गंज आत वाढत राहतो.

तुमची चाळ किंवा वाडा पाडायला निघाला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कठड्यावरून एकदा बोट फिरवा. शिवण लागली नाही, तर सौद्याची घाई करू नका.