कळलं नाही म्हणून सुखी, की कळलं म्हणून मोकळे?

सकाळी मुकुंदवाडीत जालना रोडवर थोडा वेळ उभं राहिलं की शहराची घाई दिसते. चिकलठाणा एमआयडीसीकडे निघालेल्या दुचाक्या, भरलेल्या रिक्षा, हातात डबे घेतलेली माणसं. घर भाड्याचं, मुलं शिकणारी आणि महिन्याचा हिशेब ओढाताणीचा. अशा घरांत एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच, "तपासणी केली की आजार निघतो. त्यापेक्षा न केलेली बरी."

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बोलणारा मूर्ख नसतो, तो घाबरलेला असतो. औषधाचा खर्च, बुडणारी हजेरी, घरच्यांची काळजी हे सगळं त्याला आधीच दिसत असतं. म्हणून तो न कळण्यात सुख शोधतो. प्रश्न एवढाच की हे सुख टिकतं का? आणि खरा मोकळा कोण, जाणणारा की न जाणणारा?

उधारीचं सुख

साखरेच्या आजाराचंच बघू. उपाशीपोटी रक्तातली साखर 126 किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. 100 ते 125 असेल तर तो धोक्याचा इशारा. रिपोर्टवर आकडा छापला म्हणून साखर रक्तात येत नाही, ती आधीपासूनच असते. सुरुवातीला फारसं काही दुखत नाही. पण आत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा हळूहळू खराब होत राहतात. पायाची जाणीव गेली की जखम झालेलीही कळत नाही. म्हणजे न तपासण्याचं सुख उधारीवर घेतलेलं असतं, आणि त्याचं व्याज शरीर भरतं.

आता रमजानचा विचार करा. ज्याला आपला आजार माहीत आहे, तो महिनाभर आधी डॉक्टरांना विचारतो, सहरी आणि इफ्तारप्रमाणे औषधाची वेळ व मात्रा बदलून घेतो. रोजा झेपणारा नसेल तर आजारी माणसाला दीनने दिलेली सवलत त्याला घेता येते. ज्याला आजारच माहीत नाही, त्याच्यासाठी ही सवलत असून नसल्यासारखी. कळल्यामुळे त्याचं टेन्शन वाढलं हे खरं, पण त्याच्या हातात निवड आली. स्वातंत्र्य म्हणजे तरी दुसरं काय?

कागद न वाचण्याची किंमत

कागदांचंही तसंच. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पगारातून पीएफ कापला जातो. साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के कामगाराचे आणि तेवढेच मालकाचे. आपला यूएएन नंबर माहीत असेल तर पासबुक मोबाईलवर बघता येतं. ठेकेदाराने पैसे भरले नसतील तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. पण पासबुक उघडायचंच नाही, उगाच कटकट नको, असं म्हणत वर्षं जातात. मग मुलीच्या लग्नाच्या वेळी पैसे काढायला गेल्यावर खातं रिकामं दिसतं. न कळण्यामुळे मिळालेली इतक्या वर्षांची शांतता त्या एका दिवशी वसूल होते.

निकाहनामा आपण घरात जपून ठेवतो, पण महरच्या रकान्यात काय लिहिलंय हे किती सुनांना माहीत असतं? वारशात मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे. बहिणीला तो माहीत नसला की घरात भांडण होत नाही, हे खरं. पण त्या शांततेची किंमत एकटी बहीण मोजते. दुसऱ्याच्या अज्ञानावर उभं असलेलं सुख हे सुख नसून सोय आहे.

शिकवा आणि सुटा

ज्ञान आणि सुटका यांचा अगदी शब्दशः संबंध आपल्या इतिहासात आहे. इ.स. 624 मध्ये बद्रच्या लढाईनंतर मक्केचे कैदी मदीनेत आणले गेले. ज्यांच्याकडे पैसे होते ते खंडणी देऊन सुटले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांच्यासमोर वेगळी अट ठेवली गेली असं सीरतच्या ग्रंथांत नोंदलं आहे. मदीनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवा आणि मोकळे व्हा. शत्रूकडूनही शिकायला हरकत मानली नाही. आणि अक्षरज्ञानाची किंमत माणसाच्या सुटकेइतकी धरली गेली.

पण कळणं दुखतंही

दुसरी बाजू लपवून चालणार नाही. शिकलेला माणूस नेहमी सुखी असतो, असं नाही.

1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांना घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने काम करू लागल्या. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी आजारपणात जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हा विश्वास त्यात आहे. या बायकांनी न शिकण्याचा सोपा रस्ता धरला असता, तर त्यांना लोकांचे टोमणे खावे लागले नसते.

त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. 1855 मध्ये, चौदा वर्षांची असताना, तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेने तिला अक्षरं दिली आणि त्या अक्षरांनी तिला आपल्या लोकांवरचा जुलूम स्पष्ट दिसला. शिक्षणाने तिचं दुःख कमी केलं नाही, उलट त्याला नाव दिलं. पण ज्या दुःखाला नाव मिळतं, त्यावर इलाजाची मागणी करता येते. बिननावाचं दुःख नशीब म्हणून सोसलं जातं.

इमाम गझालींची गोष्ट याहून वेगळी. ते बगदादच्या निजामिया मदरशातले नामवंत उस्ताद. इल्म होतं, मान होता, शागिर्द होते. तरी 1095 मध्ये ते इतके अस्वस्थ झाले की शिकवायला तोंडातून शब्द फुटेना. पद सोडून ते निघून गेले आणि बरीच वर्षं एकांतात व प्रवासात राहिले. आपण जे शिकवतोय ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना खात होता. नंतर त्यांनी फारसीत 'कीमिया-ए-सआदत' लिहिलं, म्हणजे सुखाचं रसायन. त्याची सुरुवात स्वतःला ओळखण्यापासून होते. इल्म असूनही माणूस दुःखी का होतो, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच मिळतं. नुसतं जाणून भागत नाही, त्याला अमलची जोड लागते.

सगळंच कळायला हवं का?

नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फायदा न देणाऱ्या इल्मपासून अल्लाहची पनाह मागितली आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावणं, त्याचे ऐब शोधत फिरणं याला कुरआनने मनाई केली आहे. म्हणजे काही गोष्टी न कळलेल्याच चांगल्या.

आजचा मोबाईल नेमका उलटा धंदा करतो. रात्री बारा वाजता दूरच्या शहरातल्या दंग्याचा खरा-खोटा व्हिडिओ दाखवतो, शेजाऱ्याच्या भांडणाचा ऑडिओ पोहोचवतो, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. पण आपल्या मुलाच्या शाळेत या आठवड्यात काय शिकवलं, ते माहीत नसतं. हे ज्ञान नव्हे, हा गोंगाट आहे. त्यातून भीती वाढते आणि हाती करण्यासारखं काही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. एखादी गोष्ट कळल्यावर मला काही चांगलं करता येतं का? येत असेल तर ती जाणून घ्यावी. येत नसेल तर फोन खाली ठेवावा.

या शहराने दिलेलं उत्तर

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) या आपल्या शहराने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे कॉलेज सुरू केलं. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा यवन राजा. कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं! 1963 मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज उभं राहिलं आणि मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत पहिला पदवीधर त्यामुळे झाला.

तरीही काही घरांत आजही ऐकू येतं, "मुलगी बारावी झाली, आता पुरे. जास्त शिकली की प्रश्न विचारते." हो, विचारेल. महर किती आहे, पगार कुठे जातो, अब्बांची साखर शेवटची कधी तपासली, हे सगळं विचारेल. घरात थोडी कुरबूर होईल. पण ज्या घरात विचारणारं कुणी नसतं, तिथे चूक आधी घर खाते आणि मग उघडी पडते.

म्हणून या जुम्याला एक छोटं काम करा. घरातली कागदांची पिशवी काढा आणि मुलांना सोबत घेऊन निकाहनामा, पीएफ, रिपोर्ट एकदा नीट वाचा. काही वाचून वाईट वाटेल, एखादी रात्र झोप उडेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते माहीत असेल. न कळणाऱ्याला ते कधीच माहीत नसतं.

अल्लाह आपल्या सर्वांना नफा देणारं इल्म आणि त्यावर अमल करण्याची ताकद देवो. आमीन.