मोठा घोडा आणि लहान गाडी



लग्नसराई आणि जत्रांचे दिवस आले, की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. लहानशा टेंपोच्या हौद्यात भला मोठा घोडा उभा असतो. त्याचे तोंड केबिनच्या वर आलेले, मागचे पाय फाळक्याला टेकलेले, आणि एका हाताने दावे व दुसऱ्या हाताने लोखंडी दांडा धरून मोतद्दार कसाबसा उभा. पाहणारा म्हणतो, "मावला की!" परंतु मावणे वेगळे आणि सुखरूप पोहोचणे वेगळे.

वरातीचा घोडा हा त्या घरचा कमावता जीव असतो. अचानक ब्रेक लागून त्याचा पाय मोडला, तर तो पाय पुन्हा पूर्वीसारखा होण्याची आशा फार थोडी. बैलगाडीचे चाक मोडले तर सुतार बसवून देतो. घोड्याचा पाय कोण बसवून देणार? म्हणून गाडी ठरविण्यापूर्वी भाड्याबरोबरच आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: वजन, लांबी आणि पायाखालची जमीन.

पहिले गणित वजनाचे

घोड्याचे वजन डोळ्यांनी सांगता येत नाही. पण शिंप्याच्या फितीने ते बरेचसे अजमावता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवती फीत फिरवून घेर मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते.

घेर १८० व लांबी १६० असेल, तर वजन सुमारे ४३६ किलो भरते. घेर २०० व लांबी १७५ असेल, तर ते ५८९ किलोवर जाते. घेरात केवळ वीस सेंटिमीटर आणि लांबीत पंधरा सेंटिमीटर वाढ झाली, पण वजनात दीड क्विंटलाची भर पडली, हे ध्यानात घ्यावे.

आता गाडीकडे वळू. आर.सी. बुकात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन, आणि भारासह जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिले वजा करावे. समजा, एका लहान टेंपोचे हे आकडे ८५० आणि १६०० आहेत. म्हणजे ७५० किलोची मुभा. "मग घोडा तर आरामात जाईल," असे आपण म्हणतो. पण थांबा. ड्रायव्हर व मोतद्दार यांचे १४० किलो, लोखंडी पिंजरा व आडव्या दांड्यांचे १२०, रबरी चटईचे ४०, पाणी व चाऱ्याचे ५० धरा. एकूण ३५० झाले. उरले ४००. म्हणजे आपला लहानातला ४३६ किलोचा घोडाही त्या टेंपोला जड झाला. मोठ्याची तर गोष्टच नको.

हेच गणित पिकअपला लावून पाहा. समजा, रिकामी गाडी १७०० किलोची आणि मर्यादा ३००० किलोची आहे. मुभा १३०० किलोची. तेच ३५० वजा करता ९५० उरतात. ५८९ किलोचा घोडा चढूनही साडेतीनशेहून अधिक किलो शिल्लक राहतात. ही शिल्लक वाया गेली असे समजू नये. घोडा म्हणजे सिमेंटची पोती नव्हेत. तो उंच असतो, जिवंत असतो, वळणावर आपला भार एका अंगावर टाकतो. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात उतारावर ब्रेक दाबताना हीच शिल्लक गाडी सांभाळते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीचा साधा परवाना नव्याने काढणाऱ्यास साधारणपणे साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालविता येते. त्यामुळे तेथे घोडे नेण्याच्या लहान, बंदिस्त गाड्यांना मोठी मागणी आली. दोन घोड्यांसाठी दोन खण असतात, गाडी दिसतेही सुबक. पण रिकामी गाडी २५०० किलोची असेल, तर उरतात १००० किलो. आणि ५८९ किलोचे दोन घोडे होतात ११७८. खण दोन असले तरी मोठा घोडा एकच न्यावा लागतो. जागा आहे म्हणून भार झेपतो असे नाही, हा धडा तेथेही तोच.

दुसरे माप लांबीचे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली दुरुस्ती झाली. तीनुसार गाडीत प्रत्येक घोड्यामागे किमान २.२५ चौरस मीटर आणि गाय वा म्हशीमागे २ चौरस मीटर जागा असावी लागते. जनावरांसाठी पक्के कप्पे असावे लागतात, आणि अशा गाडीला आर.टी.ओ.चा खास परवाना लागतो. गाडी ठरविताना हा परवाना मालकाकडे मागावा.

पण चौरस मीटरचा आकडा एकटा पुरेसा नाही. सात फूट लांब व पावणेपाच फूट रुंद हौदा तीन चौरस मीटरहून थोडा अधिक भरतो. कागदावर तो चालेल. मोठा घोडा मात्र नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत आठ फुटांच्या आसपास भरतो. सात फुटांत उभा केला, की त्याला मान उंच धरून, पुठ्ठा फाळक्याला टेकवून राहावे लागते. ब्रेक लागला की तो छातीवर जातो. गाडी सुटली की शेपटीवर बसतो. म्हणून मोठ्या घोड्यासाठी नऊ फुटांचा हौदा पाहावा.

लांबी मिळाली तरी रुंदीला शिस्त हवी. घोडा तोल सांभाळण्यासाठी पाय फाकवतो. दोन्ही बाजूंनी घट्ट आवळला तर त्याला पाय फाकवता येत नाहीत. अगदी मोकळा सोडला तर तो वळायला पाहतो आणि दाव्यात अडकतो. बाजूचे दांडे त्याच्या पोटाच्या उंचीवर असावेत, खाली पायांना जागा मोकळी राहावी.

तिसरी गोष्ट पायाखालची

घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक, साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यात खुरांना लोखंडी नाल. पत्र्याच्या हौद्यावर लघवी सांडली, की नाल बर्फावरून सरकावा तसा सरकतो. म्हणून खाली रबरी चटई अंथरावी, वर लाकडाचा भुसा किंवा पेंढा पसरावा. जुन्या गाडीची फळी कुजली आहे का, पत्रा गंजला आहे का, हे चटई उचलून पाहावे. घोड्याचा पाय फळीतून आरपार जाणे हा सर्वांत भयंकर अपघात.

जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आजही उपयोगाचे आहेत. साध्या मालगाडीत घोडा न्यायचा, तर तळाला न घसरणारे अंथरूण हवे, बाजू ठेंगण्या असतील तर त्या उंच कराव्यात, जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे लावावेत. घोड्याचे तोंड समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, डाव्या अंगाला असावे. अरुंद पिकअपमध्ये मोठा घोडा आडवा मावत नाही. त्यास तिरका उभा केला, की तोंड डावीकडे होते आणि लांबीही थोडी अधिक मिळते. गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. चालक कुरकुर करील. भाडे ठरवतानाच ही अट घालावी.

चढविणे आणि पोहोचविणे

अडीच फूट उंच हौद्यासाठी किमान साडेसात फूट लांबीची चढण लागते. तेवढी फळी नसेल, तर शेताच्या बांधाला गाडी मागे लावावी. बांध आणि हौदा एका पातळीला आले की निम्मे काम झाले. प्रवासाच्या आधी आठवडाभर रोज घोड्यास उभ्या गाडीत चढवून तेथेच चारा द्यावा. प्रवासाच्या दिवशी चाबकाने चढविलेला घोडा पुढच्या वेळी गाडी पाहूनच बिथरतो. अंधारात चढविणे टाळावे.

दावे एका ओढीसरशी सुटेल अशा गाठीने बांधावे. आणि मान खाली घेता येईल इतके सैल ठेवावे. ही साधी गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. घोडा मान खाली करूनच छातीतील कफ व धूळ बाहेर टाकतो. तासन् तास तोंड वर बांधून ठेवले, तर जंतू फुप्फुसाकडे उतरतात आणि प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी ताप व खोकला सुरू होतो. आपण म्हणतो, "तिकडचे पाणी बाधले." खरे कारण ते आखूड दावे असते. म्हणून दर तीन-चार तासांनी सावलीत थांबावे, पाणी दाखवावे, मान मोकळी करू द्यावी. पोहोचल्यावर पाव तास हळू चालवावे, लगेच भरपूर धान्य घालू नये. पुढील तीन दिवस ताप मोजावा, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास पशुवैद्यास बोलवावे.

निघण्यापूर्वी घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला घ्यावा. तो नियमाने आवश्यक आहे. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही त्याच वेळी विचारावे, कारण घोड्यास हा रोग चटकन जडतो आणि गाडीतील खिळ्याची लहानशी जखमही त्यास पुरते. आधी दुसरी जनावरे नेलेली गाडी धुऊन, वाळवूनच वापरावी. घोड्यांतील ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, म्हणून नाकातून घट्ट स्राव वाहणाऱ्या किंवा अंगावर गाठी-व्रण असलेल्या घोड्यासोबत आपला घोडा चढवू नये.

शेवटी एवढेच. भाडे ठरविण्यास जाताना खिशात शिंप्याची फीत असू द्यावी. आधी घोडा मोजावा, मग हौदा मोजावा, मग आर.सी. बुक पाहावे. तिन्ही आकडे जुळले, तर गाडी लहान असली तरी चालेल. एकही जुळला नाही, तर ती गाडी सोडावी आणि दुसरी पाहावी. भाड्यात चार पैसे अधिक जातील. पण घोडा आपल्या चार पायांवर गाडीतून उतरेल.