अठ्ठेचाळीस तासांची रेघ

कामगार-सुरक्षा लेखमाला : लेखांक ७

मागील लेखांकात कारखान्यातील अपघाताच्या नोंदीची पद्धत आली होती. त्या नोंदींच्या आधारावर जे पुरस्कार दिले जातात, त्यांचा विचार या लेखांकात केला आहे. भारतात सुरक्षिततेच्या सरकारी गौरवाची सुरुवात १९६५ साली झाली. त्या वर्षी केंद्रीय श्रम मंत्रालयाने राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कारांची योजना आखली, आणि तिचे कामकाज मुंबईत शीव येथे असलेल्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाकडे आले. पुढच्याच वर्षी, ४ मार्च १९६६ रोजी, राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली; सध्या नवी मुंबईत मुख्यालय असलेली ही परिषदही स्वतंत्रपणे पुरस्कार देते, आणि तिच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

सरकारी पुरस्काराचा पारंपरिक निकष आकड्यांचा आहे. दहा लाख मनुष्यतासांमागे, म्हणजे सर्व कामगारांनी मिळून केलेल्या दहा लाख तासांच्या कामामागे, किती जण कामाला मुकण्याइतके जखमी झाले, या संख्येला वारंवारता दर म्हणतात. तेवढ्याच तासांमागे एकूण किती दिवस बुडाले, तो तीव्रता दर होय, आणि भारतीय मानकानुसार त्यात एका मृत्यूचे ६००० दिवस धरले जातात. ज्या कारखान्याचा सरासरी वारंवारता दर सर्वांत कमी, किंवा ज्याचे वर्ष अपघाताविना गेले, तो गौरवास पात्र ठरतो. लहान कारखान्याची गाठ अवाढव्य कारखान्याशी पडू नये म्हणून मनुष्यतासांनुसार गटही पाडलेले असतात. रचना वरवर पाहता निर्दोष वाटते.

अडचण आहे ती अपघाताच्या व्याख्येत. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ नुसार, मृत्यू ओढवला किंवा जखमी कामगार अपघातानंतर लगेचचे ४८ तास अथवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर तो अपघात निरीक्षकाला कळवणे बंधनकारक होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही हीच मर्यादा कायम ठेवली आहे. पाचशे कामगार दिवसाला आठ तास याप्रमाणे वर्षाचे तीनशे दिवस राबले, तर बारा लाख मनुष्यतास भरतात, आणि वर्षात असे तीन अपघात घडले तर वारंवारता दर २.५ येतो. आता त्या तिघांपैकी प्रेसमध्ये बोट चेचलेल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, बँडेज बांधलेल्या हातानेच, गाडी पाठवून बोलावून घेतले, स्टोअरमध्ये स्टुलावर बसवले आणि हजेरी लावली, की हाच दर १.६७ वर येतो. यंत्रावर जाळी बसलेली नसते आणि बोटही बरे झालेले नसते, तरीही कागदावर सुरक्षितता एक तृतीयांशाने सुधारलेली असते. जखमी कामगाराला दिल्या जाणाऱ्या ज्या हलक्या कामाला औद्योगिक बोलीत ‘लाइट ड्युटी’ म्हणतात, त्याचा हा विपर्यास आहे, आणि बक्षिसाची रक्कम संपूर्ण विभागात वाटली जाणार असेल, तर जखम लपवण्याचा आग्रह साहेबाकडूनच होतो असे नाही, शेजारच्या यंत्रावरचा सहकारीही तो धरतो.

या हजेरीची किंमत कामगाराला नंतर मोजावी लागते. कर्मचारी राज्य विमा योजनेत, अपघाताचा दिवस वगळून किमान तीन दिवस टिकणाऱ्या तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. स्टुलावर बसलेला मनुष्य मात्र हजेरीपटावर कामावर असल्यामुळे या लाभाला मुकतो. पुढे बोट कायमचे ताठरले, तर ती इजा कामावरच झाली हे सिद्ध करताना त्याच्या हाती कागद उरत नाही. कंत्राटी कामगाराची स्थिती याहून बिकट असते, कारण त्याला परत बोलावण्याचेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. त्याच्या जागी दुसरा येतो.

शिवाय किरकोळ जखमांचा दर आणि मोठ्या दुर्घटनेची शक्यता या भिन्न गोष्टी आहेत. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ जण मृत्युमुखी पडले, त्या दिवशी संबंधित कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी तराफ्यावरच होते, आणि सात वर्षांत एकाही जखमेपायी कामाचा दिवस बुडाला नाही याबद्दल तेथे कौतुक चालले होते. तो आकडा खोटा होता असे मानण्याचे कारण नाही. घसरून पडणे आणि बोट चेपणे टाळण्यात ते लोक खरोखरच वाकबगार असतील, पण विहिरीतील दाबाविषयी तो आकडा काहीच सांगत नव्हता. टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २००५ साली १५ जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटानंतर नेमलेल्या, जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नेमका हाच इशारा २००७ मध्ये दिला होता.

आकड्यांपलीकडे पाहणारे पुरस्कारही आहेत. ब्रिटिश सेफ्टी कौन्सिलचे ‘स्वॉर्ड ऑफ ऑनर’, जे अनेक भारतीय कंपन्या अभिमानाने मिरवतात, त्यासाठी आधी सविस्तर लेखापरीक्षणात पंचतारांकित दर्जा मिळवावा लागतो; म्हणजे तेथे व्यवस्था तपासली जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य आणखी पुढे गेले आहे. तेथे जखमी कामगाराच्या पुनरागमनाची आखणी करणारा समन्वयक नेमण्याचे दायित्व कायद्यानेच मालकावर टाकले आहे, आणि राज्याच्या सुरक्षा पुरस्कारांत कामावर परतण्याच्या प्रयत्नांसाठी वेगळा सन्मान ठेवला आहे. इजा-व्यवस्थापन या संज्ञेचा अर्थ तेथे उलगडतो : त्वरित उपचार, बरे होईपर्यंत सततचा संपर्क, डॉक्टरांच्या सल्ल्याने बेतलेले हलके काम आणि टप्प्याटप्प्याने मूळ कामाकडे वाटचाल. बाहेरून पाहणाऱ्याला हे हलके काम आणि स्टुलावरची हजेरी सारखीच दिसते. दोहोंतला फरक कळायचा तर परीक्षकाला दराच्या तक्त्याऐवजी प्रथमोपचार पेटीशेजारची वही मागावी लागेल, तिच्यातील नावे हजेरीपटाशी ताडून पाहावी लागतील, आणि स्टोअरमध्ये जाऊन, सेफ्टी ऑफिसर सोबत नसताना, त्या कामगाराशी बोलावे लागेल.