स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळतं तेव्हा

मागच्या भागात आपण विचारांकडे साक्षीभावाने बघण्याविषयी बोललो. आज तोच धागा झोपेत नेऊया.

स्वप्नात आपण परीक्षेला उशिरा पोचतो, वारलेल्या आजीशी गप्पा मारतो, आणि यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. कधीतरी मात्र मध्येच लक्षात येतं, ‘अरे, हे तर स्वप्न आहे!’ आणि तरी झोप मोडत नाही. याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये आपल्या स्वप्नांवरच्या लेखात हा शब्द वापरला.

पण झोपलेल्या माणसाचं म्हणणं खरं कशावरून? ‘जाग आल्यावर रचून सांगतो आहे’ असं कुणीही म्हणेल. शास्त्रज्ञांची अडचण हीच होती. त्यावरची युक्ती मला फार आवडते. आपल्याला जास्त स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, डोळे मात्र हलत राहतात. म्हणून इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अॅलन वर्स्ली यांच्याशी आधीच ठरवलं: स्वप्नात भान आलं की डोळे डावी-उजवीकडे ठरलेल्या रीतीने फिरवायचे. एप्रिल १९७५ मध्ये यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. माणूस गाढ झोपेत, आणि आतून निरोप! पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

२०२१ मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले तर किती? एकाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. बहुतेक वेळा उत्तर आलंच नाही, हेही सांगायला हवं. मथळे वाचून भारावून जाऊ नका.

आता विचारांशी याचा संबंध काय? ‘मला राग आला आहे’ हे रागात असतानाच कळणं आणि ‘मी स्वप्नात आहे’ हे स्वप्नातच कळणं, दोन्हींत मन स्वतःकडेच वळून बघतं. आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशी मांडणी केली. पण ल्युसिड ड्रीम म्हणजेच तुरीय, असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावणार नाही. तिथे मुक्तीचा प्रश्न आहे, इथे झोपेच्या एका अवस्थेचा.

करून बघायचं असेल, तर दिवसातून काही वेळा मनापासून विचारा, ‘मी आत्ता जागा आहे ना?’ समोरची पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बऱ्याचदा बदललेली दिसतात. लाबर्ज यांची पद्धत अशी: पहाटे जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा, आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं मनाशी म्हणत परत झोपा. पहाटेच का? रेम झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते म्हणून.

ज्यांना तेच तेच वाईट स्वप्न पडतं, त्यांच्यासाठी हे निव्वळ कुतूहल नाही. पाठलाग होत असताना भान आलं, तर थांबून मागे वळता येतं. काही उपचारक याचा उपयोग करतात. मात्र आधीच झोप कमी असेल, किंवा खरं काय आणि भास काय यात गोंधळ होण्याचा आजार असेल, तर गजर लावून झोप मोडण्याचा खेळ करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.