महाविद्यालयाचं लक्षण कोणतं?

मंडळी, विषय मोठा भारदस्त दिलाय : करिअरकेंद्री उच्च शिक्षण संस्थेची स्पर्धेतली रणनीती. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, व्यवस्थापनाचा नव्हे. पण आपल्या न्यायशास्त्रात याची एक किल्ली आहे.

नैयायिक म्हणतात, लक्षण म्हणजे वस्तूचा असाधारण धर्म. तिच्यात असतो, दुसरीकडे नसतो. ‘चार पायांची ती गाय’ म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस ती गाय’ म्हटलं की पांढरी सुटते, ही अव्याप्ती. आणि ‘एकसंध खुराची ती गाय’ हा असंभव, कारण गाईचा खूर दुभंगलेलाच असतो. आता प्रवेशाच्या दिवसांतली माहितीपत्रकं पाहा. अनुभवी प्राध्यापक, सुसज्ज प्रयोगशाळा, वाय-फाय, शंभर टक्के प्लेसमेंट. पहिली तिन्ही अतिव्याप्त, आणि चौथं बहुतेक ठिकाणी असंभव!

मायकेल पोर्टर यांनी १९८० च्या ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’त तीनच वाटा सांगितल्या : स्वस्त व्हा, वेगळे व्हा, नाहीतर एक लहान क्षेत्र धरून तिथे पक्के व्हा. मधे लोंबकळणारा मार खातो. आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. शेजारचं शेगावचं महाविद्यालय त्याच वर्षीचं. पुढे अशा संस्था वाढत गेल्या, पण बऱ्याच ठिकाणी शाखा त्याच, अभ्यासक्रम तोच, जाहिरात तीच. मग जागा रिकाम्या राहू लागल्या, यात नवल ते काय?

याउलट पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघा. (नाव पुन्हा दादांचंच!) १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी ती काढली. विषय ऊस, साखर, अल्कोहोल. संस्था काढणारे कारखाने, आणि शिकलेला माणूस लागतो तोही कारखान्यांनाच. म्हणजे शिकवायचं काय, हे नोकरी देणाराच सांगतो. धोका आहेच, साखर पडली तर तिच्यावर शिकलेल्याचंही अडतं. म्हणून गणित, हिशेब, नीट लिहिता-बोलता येणं हा पाया रुंदच हवा. अरुंद ठेवायचं ते टोक.

आता वाशीम. १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, मोठे कारखाने नाहीत. आपल्याकडे पिकतं सोयाबीन आणि तूर. हमीभाव खरेदीला सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के. दाणा ओला निघाला की शेतकऱ्याचा भाव पडतो. मग ओलावा मोजणं, प्रतवारी, गोदाम, तेल-ढेपेचा हिशेब, शेतकरी कंपनीचा कारभार हे पदवीला का शिकवू नये? पदवीतच अप्रेंटिसशिप घालायची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये केली आहे. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावावरून जातो. सध्या त्यावरून माल कच्चाच जातो, आणि त्याच्यामागे पोरगंही पुण्याला.

पण एक धरायचं तर चार सोडावे लागतात, आणि संचालक मंडळाला तेच जड जातं. मागणी नसलेला कोर्स बंद करा म्हटलं की इभ्रत आडवी येते. अहो, फी भरायला बाप वावर गहाण टाकतो, त्याचा विचार आधी करा. आणि पालकांनो, प्रवेश घेताना एवढंच विचारा : तीन वर्षांपूर्वी पास झालेली सगळी मुलं आज कुठे आहेत, काय कमावतात? फलकावरची पाच नव्हे, सगळी. यादी दाखवा म्हणावं.