तेरावा गडी

धाकट्या भावाचे नाव कबड्डीच्या यादीत आले नाही. साताऱ्याहून इथे सांगलीला फोन करून आबा एवढेच म्हणाले, "आपला वशिला नाही, बाळा." मलाही तसेच वाटले. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मित्रहो, आपण सर्वांत चांगले १२ खेळाडू मोजतो आणि तिथेच आपला अंदाज चुकतो. निवड जागांची होते. मैदानात ७ खेळाडू असतात : साधारणपणे दोन कोपरारक्षक, दोन मध्यरक्षक आणि तीन चढाईपटू. राखीव ५. त्यांत एखादा चढाईपटू, कोपऱ्याला एक, मध्याला एक. उरलेल्या जागा चढाई आणि पकड दोन्ही जाणणाऱ्या अष्टपैलूंच्या. प्रो कबड्डीत लिलावातून जमविलेला ताफा मोठा असतो, पण सामन्याची यादी तिथेही बारांचीच.

आपल्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या काशिलिंग आडके याने २०१४ च्या पहिल्या हंगामात दबंग दिल्लीकडून चढाया गाजविल्या. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराला चढाईपटूच व्हायचे आहे. कोपरा धरायला कुणी नाही. भाऊ उत्तम चढाईपटू, पण त्या शिबिरात तो पाचवा होता. बाराव्या जागेवर गेलेला मुलगा चढाईत त्याच्याहून कमी. मात्र त्याला कोपरा सांभाळता येत होता.

हे सगळे मी आबांना समजावून सांगितले. त्यांचा संशय पुरता गेलेला नाही. भाऊ मात्र रोज पहाटे उजव्या कोपऱ्यावर घोट्याची पकड शिकतो आहे, आणि चढाई करायला समोर आबाच उभे असतात.