फळांतील रस शोषणारा पतंग

पावसाळ्याच्या अखेरीस पपनस, पेरू यांची पिकत आलेली फळे टाचणीने टोचल्यासारखी दिसून गळू लागली, की बागायतदार फळमाशी समजून फवारणी करतात. फळ कापून पाहावे. आत अळ्या असतील तर फळमाशी. अळी नसून एकच बारीक छिद्र असेल व दाबल्यास रस येत असेल, तर हा पतंग समजावा.

ओळख : शास्त्रीय नाव युडोसिमा मॅटर्ना. पुढील पंख वाळक्या पानासारखे, मागील नारिंगी व त्यांवर काळा ठिपका. बसल्यावर नारिंगी पंख झाकले जातात, म्हणून दिवसा दिसत नाही. उत्तर अमेरिकेतील कॅटोकॅला पतंगही असेच रंगीत पंख लपवतो; मात्र तो फळे टोचत नाही.

जीवनक्रम : उंट अळी फळझाडावर नव्हे, तर गुळवेल, वासनवेल यांच्या पानांवर वाढते. पतंग रात्री बागेत येतो, टणक सोंडेने साल भेदून रस शोषतो. छिद्रातून बुरशी शिरून फळ सडते. पतंग बाहेरून येत असल्याने झाडावरील फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.

उपाय :
१) फळे पक्व होण्यापूर्वी कागदी पिशव्या बांधाव्यात.
२) गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत, त्यांच्या वासाने पतंग येतात.
३) अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात जाळीने पतंग पकडून नष्ट करावेत.
४) कुंपणावरील वासनवेल काढावी. औषधासाठी राखलेल्या गुळवेलीवरील अळ्या वेचाव्यात.

शेजारच्या बागायतदारांनी हे उपाय एकाच वेळी केल्यास अधिक फायदा होतो.